खाते सोडवले, पासवर्ड बदलला, तरी तो पुन्हा आत येतो: मागीलदारे कुठे कुठे शोधायची

आधी लक्षण सांगते, तुमच्याशी जुळते का पाहा. खाते कुणीतरी पळवतो. तुम्ही दोन दिवस जिवाचा आटापिटा करून ते सोडवता, पासवर्ड बदलता, 'आता सगळे ठीक आहे हो' असे चार गटांवर कळवता. पाचव्या दिवशी तो पुन्हा आत. आणि ह्या खेपेला आधीपेक्षा ओंगळ वागतो, कारण तुम्ही त्याला एकदा बाहेर काढलेले असते.

माझ्या बाबतीत हे तीनदा झाले. गेल्या चवथीला सुरू झाले ते दिवाळीच्या तोंडावर थांबले. मी फोंड्याजवळच्या एका गावात गाणे शिकवते, थोडे घरी, थोडे ऑनलाइन. इन्स्टाग्रामवर बैठकींच्या तुकड्यांचे पान, यूट्यूबवर एक चॅनेल, व्हॉट्सॲपवर पालकांचे गट, आणि ह्या सगळ्यांच्या मुळाशी एक जीमेल, धाकट्या दिराने कधीकाळी उघडून दिलेले. मी संगणकातली जाणकार नाही. म्हणूनच हे लिहिते आहे. जाणकारांनी मला जे सांगितले ते 'पासवर्ड बदला, टू-स्टेप लावा' (म्हणजे पासवर्डानंतर फोनवरचा कोडही विचारला जाईल असे करा) एवढेच होते. ते मी पहिल्याच दिवशी केले होते.

पासवर्ड म्हणजे घराचे पुढचे दार. माझा चोर मागीलदाराने ये-जा करत होता, आणि ती दारे पासवर्ड बदलल्याने बंद होत नाहीत. अशी पाच-सहा दारे माझ्या घराला निघाली. मला त्यांतले एकही ठाऊक नव्हते.

पहिला फेरा

गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीचे सामान घ्यायला बाजारात उभी होते. हातात सुपारीचे शिंपटे, आणि फोन वाजला. एका विद्यार्थिनीची आई. "बाई, तुम्ही बऱ्या आहात ना? इस्पितळात आहे म्हणून पैसे मागितलेत." तिने आठ हजार पाठवूनही झाले होते. घरी पोचेपर्यंत असे चार फोन. माझ्या इन्स्टाग्राम पानावरून सगळ्यांना एकच मजकूर गेला होता, आणि मला आत जाता येत नव्हते.

पैशांचे आधी सांगते, कारण तिथे मिनिटे मोजावी लागतात. पैसे गेलेल्या माणसाने स्वतः १९३० ह्या क्रमांकावर फोन करायचा, नाहीतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन ह्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकायची. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि बँकेचे नाव हाताशी ठेवायचे. त्या आईने लगेच फोन केला, तिची रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेली. दुसऱ्या एका गृहस्थाने 'बाईंची बदनामी नको' म्हणून दोन दिवस गप्प काढले. त्यांचे गेले ते गेले. असला संकोच धरू नका, त्यात फक्त चोराचे भले होते.

आता खाते. इन्स्टाग्रामवर कुणी ईमेल पत्ता बदलला की जुन्या पत्त्यावर एक मेल येते आणि तिच्यात हा बदल उलटवण्याचा दुवा असतो. ती 'सिक्युरिटी' ह्या नावाने, मेल डॉट इन्स्टाग्राम डॉट कॉम ह्या पत्त्यावरून येते. आधी ती शोधा. ती नसेल किंवा दुवा शिळा झाला असेल, तर इन्स्टाग्राम डॉट कॉमच्या पुढे तिरपी रेघ देऊन 'हॅक्ड' लिहिले की एक पान उघडते, तिथून पुढे जाता येते. तुमचे फोटो खात्यावर असतील तर ते चेहरा वळवून दाखवणारा व्हिडिओ मागतात आणि पडताळून पाहतात.

मला ती मेल सापडली, पण कचरापेटीत. मी मनात म्हटले, गडबडीत माझ्याच हातून पुसली गेली असेल. समस्येचे उत्तर त्या दिवशीच माझ्यासमोर पडले होते, मला ते वाचता आले नाही. दुवा दाबला, पान परत आले, लॅपटॉपवर बसून ऐटीत नवा पासवर्ड ठेवला. चौदा अक्षरी. त्यात एक राग आणि एक ताल गुंफला होता.

दुसरा फेरा, आणि तो मेसेज

पाच दिवस शांतता. मग पान पुन्हा गेले. आता पैसे मागणे बंद, सरळ मलाच मेसेज. 'पंधरा हजार दे नाहीतर तुझी इज्जत काढतो' ही सुरुवात. मी उत्तर दिले नाही, तेव्हा माझ्या बैठकीच्या फोटोवरून बनवलेले एक घाणेरडे चित्र स्टोरीवर लागले. त्यावरही मी गप्प, तेव्हा एका संध्याकाळी साडेपाचला हा मेसेज आला:

'आज म्हार्दोळला यमन गाणार की पूरिया?'

मी खरोखरच म्हार्दोळला निघाले होते. साडी नेसून उंबऱ्यात उभी होते.

त्या एका ओळीने मी जितकी हादरले तितकी त्या चित्राने नव्हते हादरले. कार्यक्रम छोटा, घरगुती, कुठे जाहिरात नाही. ठाऊक असलेली माणसे आठ. म्हणजे त्या आठांतलाच कुणीतरी. मी एकेकाला मनात उभे करून तपासू लागले. गेल्या वर्षी मानधनावरून ज्यांच्याशी थोडे वाजले होते ते एक तबलजी होते. मी ठरवूनच टाकले की हेच. त्यांचे फोन घेईनाशी झाले, पुढच्या दोन कार्यक्रमांना दुसरी साथ घेतली. हे मी अभिमानाने सांगत नाही.

आठ दिवसांनी जाऊबाईंचा मुलगा आला. फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकतो. त्याने माझे जीमेल फोनवर नव्हे, संगणकाच्या ब्राउझरवर उघडले. ह्या फरकात अर्धे उत्तर आहे. जीमेलच्या फोनवरच्या ॲपमध्ये फिल्टर, म्हणजे आलेल्या मेलचे आपोआप काय करायचे ते नियम, दिसतच नाहीत, आणि मी सारी वर्षे मेल फोनवरच वाचत आले.

ब्राउझरमध्ये त्याने जे क्रमाने पाहिले ते सांगते. तुम्हीही असेच पाहा.

जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'फिल्टर्स' म्हणून एक भाग आहे. माझ्याकडे तिथे एक नियम लिहिलेला होता: ज्या मेलमध्ये 'इन्स्टाग्राम', 'सिक्युरिटी' किंवा 'पासवर्ड' हे शब्द असतील ती वाचलेली म्हणून नोंदवावी आणि थेट कचऱ्यात टाकावी. म्हणजे मला इशारे येत होते आणि माझ्याच पेटीतला एक पहारेकरी ते जाळत होता. शेजारी 'फॉरवर्डिंग'चा भाग आहे. तिथे अनोळखी पत्ता असेल तर तुमची प्रत्येक मेल त्याच्याकडेही जाते. माझ्याकडे तो नव्हता. खात्यांच्या भागात 'दुसऱ्याला प्रवेश द्या' अशी सोय असते, तीही तपासा. तिथे नाव असलेल्या माणसाला तुमचा पासवर्ड लागतच नाही.

मग गूगल खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन रिकव्हरीचा, म्हणजे खाते सोडवताना जिथे कोड येतो तो, फोन आणि ईमेल पत्ता. माझा रिकव्हरी पत्ता पाहून मी म्हटले, हा बरोबर आहे. पुतण्याने अक्षरे मोठी करून दाखवली. माझ्या नावात इंग्रजीतला जो 'एम' आहे त्याच्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवले होते. लहान अक्षरांत दोन्ही सारखेच दिसतात. पंधरा वेळा पाहिले असते तरी मला कळले नसते. म्हणून नियम असा करा: रिकव्हरी पत्ता नजरेने तपासू नका, पुसून पुन्हा टंका.

इथे एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. रिकव्हरी फोन किंवा पत्ता कुणी बदलला तरी जुन्यावर कोड पाठवण्याचा पर्याय गूगल बहुधा सात दिवस देत राहते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात हातपाय हलवणाऱ्याला खाते सोडवणे सोपे जाते. आणि रिकव्हरीला जुना, रिचार्ज न केलेला नंबर ठेवला असेल तर तो आजच काढा. बंद पडलेला नंबर नव्वद दिवसांनंतर कंपन्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकतात. मग तुमचे कोड त्या बापड्याला जातात.

शेवटी कॅलेंडर. पुतण्या तिथे गेला तो केवळ कुतूहलाने. डाव्या बाजूला माझ्या कॅलेंडरच्या सेटिंग्ज, त्यात 'कुणाकुणाला दिसते' ही यादी, आणि यादीत त्या जुळ्या अक्षरांचा पत्ता. मी शिकवण्या, बैठकी, दाताच्या डॉक्टरची वेळ, सगळे त्या कॅलेंडरात लिहीत होते. रागाच्या नावासकट. 'म्हार्दोळ, ६.३०, यमन/पूरिया?' हे प्रश्नचिन्हसुद्धा माझेच होते.

म्हणजे तो आठांतला नव्हता. तो कुठेही असू शकत होता. माझी वही त्याच्यासमोर उघडी होती आणि मी पासवर्ड कितीही बदलला असता तरी ती उघडीच राहिली असती, कारण ती मी त्याला 'दिलेली' होती.

असे 'दिलेले' आणखी कुठे असते त्याची उजळणी करा. गूगल फोटोंत 'पार्टनर शेअरिंग' असते, त्यात तुमचे फोटो आपोआप दुसऱ्याला दिसतात. ड्राइव्हमधल्या फोल्डरांवर कुणाची नावे आहेत ते पाहा. यूट्यूब चॅनेल असेल तर स्टुडिओच्या सेटिंग्जमधल्या परवानग्यांत कुणी अनोळखी मॅनेजर नाही ना. ज्या बाहेरच्या ॲपना 'गूगलने साइन इन करा' म्हणत तुम्ही कधीतरी हो म्हटले त्यांची यादीही सुरक्षा पानावर असते. ओळखत नसाल ते काढा. काही बिघडत नाही, फार तर एखादे ॲप पुन्हा परवानगी मागेल. इन्स्टाग्रामला जोडलेले जुने फेसबुक खाते हे तर राजरोस दार आहे. अकाउंट्स सेंटरमध्ये दोन्ही एकत्र बांधलेली असली की एका खात्यातून दुसऱ्यात शिरता येते. माझे फेसबुक मी चार वर्षांत उघडले नव्हते आणि त्याचा पासवर्ड माझ्या मुलीचे नाव आणि जन्मसाल हा होता.

ह्या साफसफाईत माझ्या हातून एक चूक झाली. कोणकोणत्या यंत्रांवर खाते उघडे आहे ती यादी पाहताक्षणी मी घाबरून 'सगळीकडून बाहेर' दाबले. आधी यादीचा फोटो घ्यायला हवा होता. गूगल तिथे गेल्या २८ दिवसांतली यंत्रे आणि त्यांची साधारण ठिकाणे दाखवते. ब्राउझरवरच्या जीमेलमध्ये अगदी तळाशी उजवीकडे 'डिटेल्स' असे बारीक अक्षरांत असते, ते दाबले की अलीकडच्या प्रवेशांच्या वेळा आणि आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटच्या ज्या जोडणीवरून प्रवेश झाला तिचे क्रमांक, दिसतात. पोलिसांना ह्याचा उपयोग असतो. आधी फोटो, मग हकालपट्टी.

तिसरा फेरा: लॅपटॉप

इतके करूनही नऊ दिवसांनी तो जीमेलमध्ये आला. सरळ जीमेलमध्येच. टू-स्टेप चालू होते, फोनवर कुठलाही कोड आला नाही, मी कुणाला काही सांगितले नाही. फिल्टर पुन्हा लिहिलेला.

ह्या वेळी पुतण्या हसला नाही. लॅपटॉप उघडून बसला आणि अर्ध्या तासाने म्हणाला, "काकी, हें कितें घातलां गो तुवें?"

मी घातले होते ते ध्वनिमुद्रण कापण्या-जोडण्याचे एक महागडे सॉफ्टवेअर, फुकटातले. विद्यार्थ्यांना तंबोऱ्याच्या पट्ट्या करून द्यायच्या होत्या. कुणीतरी दुवा दिला, त्यात लिहिले होते की बसवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. मी केला. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

त्यातून जे आत आले त्याला माहितीचोर म्हणतात. ते काय करते, तर ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड उचलते, आणि त्याहून वाईट म्हणजे कुक्या उचलते. कुकी म्हणजे काय ते पुतण्याने मला समजेल असे सांगितले. नाटकाच्या मध्यंतरात चहाला बाहेर पडताना दारावरचा माणूस हातात पास देतो ना, परत येताना तो दाखवला की तिकीट विचारत नाहीत. तुम्ही पासवर्ड आणि कोड देऊन आत गेलात की संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरला तसाच एक पास देते. चोराने तो पास उचलला की त्याला पासवर्ड लागत नाही आणि कोडही लागत नाही. दारावरच्या माणसाच्या मते तो आधीच आत आलेला प्रेक्षक असतो.

आणि मी दर वेळी नवा पासवर्ड कुठे बसून ठेवत होते? त्याच लॅपटॉपवर. राग आणि ताल गुंफून, चौदा अक्षरी, ताजा ताजा, त्याच्या ताटात.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचे ते हे. एकदा खाते सोडवल्यावर तो पुन्हा आला, तर पासवर्डाच्या मागे लागू नका, आधी यंत्रावर संशय घ्या. आणि क्रम मोडू नका. आम्ही शेवटी असे केले: लॅपटॉपचे इंटरनेट तोडले. पुतण्याच्या स्वच्छ लॅपटॉपवरून गूगलचा पासवर्ड बदलला, सगळ्या यंत्रांना बाहेर काढले. माझ्या लॅपटॉपवरची फक्त गाणी, फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर घेतली, एकही सॉफ्टवेअर किंवा त्याची बसवणी-फाइल नाही. दुसऱ्या संगणकावर तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने बसवले, जुने पूर्ण पुसून. नुसता अँटिव्हायरस फिरवून समाधान मानणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातली नाही. एकदा घरात साप निघाल्यावर 'बहुतेक गेला असेल' म्हणून कुणी झोपत नाही.

विंडोज ताजे झाल्यावर ब्राउझरमध्ये खाते जोडताना थांबा. क्रोम तुमची जुनी एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, स्वतःहून परत आणते, त्यांतले एखादे वाईट असेल तर तेही परत येते. आधी ती यादी तपासून नको ती काढली, मगच जोडणी चालू केली.

त्यानंतर बाकीचे पासवर्ड. ब्राउझरमध्ये साठवलेले जितके होते तितके सगळे चोरीला गेले असे धरून चालायचे. माझे ४३ निघाले, त्यात वीजबिलापासून बँकेपर्यंत सगळे. आधी मेल, मग बँक, मग समाजमाध्यमे, मग उरलेला पसारा. दोन संध्याकाळी गेल्या. एसएमएसऐवजी कोड देणारे ऑथेंटिकेटर ॲप लावले. फोन हाताशी नसेल तेव्हासाठी गूगल दहा बॅकअप कोड देते, आठ-आठ अंकी, प्रत्येक एकदाच चालणारा. ते छापून कपाटात मंगळसूत्राच्या डबीखाली ठेवले आहेत. फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका, मग त्यांचा काय उपयोग.

फोन आणि व्हॉट्सॲप

हे थोडक्यात, कारण माझे इथे फारसे बिघडले नाही. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. मुख्य फोनखेरीज चार यंत्रे जोडता येतात. न ओळखीचे दिसले की काढा. व्हॉट्सॲप गेलेच असेल तर आपल्या फोनवर तोच नंबर घालून पुन्हा नोंदणी करा, एसएमएसचा कोड टाकताच पलीकडचा बाहेर पडतो. त्याने मध्ये सहा अंकी पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावे लागते, पण त्या सात दिवसांत तोही आत नसतो. म्हणून घाबरून काहीबाही करू नका. परत मिळाल्यावर स्वतःचा पिन लावा.

कॉल फॉरवर्डिंगही पाहा. 'कुरिअर आले आहे, हा नंबर फिरवा' असे सांगून काही लोक तुमचे कॉल स्वतःकडे वळवतात, मग आवाजातून येणारा कोड त्यांना ऐकू येतो. *#२१# फिरवल्यास वळवणी दिसते, ##००२# फिरवल्यास सगळी रद्द होते. नेटवर्क अचानक गेले आणि शेजारच्याचे आहे, तर कुणी तुमच्या नावे दुसरे सिम काढले का हे कंपनीच्या दुकानात जाऊन विचारा. सरकारच्या 'संचार साथी'वर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसते. माझ्या नावावर तीन निघाले. तिसरा सासऱ्यांचा होता.

त्रास देणाऱ्याशी कसे वागावे

सगळे सांगतात, ब्लॉक कर. मी म्हणते, लगेच नको. आधी पुरावा. स्क्रीनशॉट घेताना पूर्ण पडदा घ्या, वर खात्याचे नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. त्याच्या प्रोफाइलचा दुवा वेगळा लिहून ठेवा. मेल असतील तर पुढे पाठवू नका, 'शो ओरिजिनल' म्हणून जो पर्याय आहे त्यातून मूळ रूपात उतरवून ठेवा. जो फोन वापरून हे पाहिले तो विकू नका, रीसेट करू नका. हे झाले की खुशाल ब्लॉक करा.

उत्तर देऊ नका. शिवी तर नकोच, विनवणीही नको. मी दुसऱ्या फेऱ्यात एकदा लिहिले होते, 'मी तुमचे काय वाकडे केले?' त्या रात्री एकशे बारा मेसेज आले. पैसे तर मुळीच देऊ नका. ज्याच्याकडे तुमच्या घराची चावी आहे त्याला भाडे दिल्याने तो चावी परत करत नाही.

आणखी एक जात असते. मी 'खाते हॅक झाले आहे' असे जाहीर लिहिताच तासाभरात पंधरा-वीस भले लोक उगवले: अमुक तज्ज्ञाने माझे खाते दहा मिनिटांत सोडवून दिले, त्याला लिहा. ही सगळी त्याच धंद्यातली पिलावळ. तुमच्याकडून आगाऊ पैसे किंवा आलेला कोड, काहीतरी काढून घेतात. मी त्यांतल्या एकाशी वीस मिनिटे बोलले, इतकी माझी अवस्था झाली होती.

त्या चित्राबद्दल. अंगावरचे कपडे काढलेले दाखवणारा फोटो, खरा असो की बनवलेला, त्यासाठी 'स्टॉप एनसीआयआय' ही मोफत सोय आहे, अठरा वर्षांवरच्यांसाठी. तिथे फोटो द्यावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो, तेवढाच जातो, आणि सामील असलेल्या कंपन्या त्या ठशावरून तो फोटो ओळखून अडवतात. त्याखेरीज २०२१ च्या आयटी नियमांनुसार प्रत्येक मोठ्या समाजमाध्यमाला भारतात तक्रार अधिकारी ठेवावा लागतो. त्याच्याकडे लेखी तक्रार करा, तिचा क्रमांक जपा. त्याच्या निकालाने समाधान झाले नाही तर तीस दिवसांत केंद्राच्या अपिलीय समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. वकील लागत नाही.

पोलिसांकडे जायला मी दुसऱ्या फेऱ्यापर्यंत टाळाटाळ केली. घरचे म्हणत होते, गावभर होईल. गावभर तसेही झाले होते, स्टोरी सगळ्यांनीच पाहिली होती. शेवटी बाणस्तारीवरून, जुन्या गोव्यातून, रायबंदरला सायबर पोलीस ठाण्यात गेले. जाताना एका पानावर तारीखवार घटना लिहून नेल्या, सोबत स्क्रीनशॉटांच्या छापील प्रती आणि तेच सगळे पेनड्राइव्हवर. ह्या एका पानाने समोरच्या माणसाचे आणि आपले दोन तास वाचतात. रडत रडत मधूनच सुरुवात केली की काहीच नीट सांगता येत नाही, हे मी आधी घरी आरशासमोर करून पाहिले होते.

कलमे ठाऊक असली तर बोलणे सोपे जाते. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ सी, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. संगणकाद्वारे दुसरा असल्याचे भासवून फसवणे ६६ डी. अश्लील मजकूर पसरवणे ६७. बाईच्या इंटरनेट किंवा ईमेल वापरावर पाळत ठेवणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येते. माझे कॅलेंडर त्यात चपखल बसले. धमकीला ३५१, पैसे उकळायला ३०८. हद्दीचे कारण सांगून कुणी परत पाठवू शकत नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात चालण्यासाठी साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्याचा नमुना त्या कायद्याच्या परिशिष्टातच छापलेला आहे.

ठाण्यात जायचेच नसेल तर पोर्टलवर महिला आणि मुलांच्या तक्रारींचा वेगळा भाग आहे, तिथे नाव न देताही नोंदवता येते. पण नाव न देता केलेल्या तक्रारीचा पाठपुरावा करता येत नाही, म्हणून जमत असेल तर नाव द्याच.

लॅपटॉप पुसल्यापासून तो आत आलेला नाही. अजून आठवड्यातून एकदा 'तुमचा लॉगिन कोड अमुक आहे' असा मेसेज येतो, मी न मागता. पहिल्यांदा हात थरथरले. पुतण्याने सांगितले, कोड येतो आहे म्हणजे त्याला कोड लागतो आहे. आत असता तर लागला नसता. कुणाला द्यायचा नाही, एवढेच. तक्रारीचा तपास चालू आहे. तो कोण, कुठला, मला अजून ठाऊक नाही.

तबलजींना मी फोन केला. सगळे सांगितले, म्हार्दोळच्या मेसेजपासून त्यांच्यावरच्या संशयापर्यंत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, मानधनाचं मी त्याच दिवशी विसरलो होतो." पुढच्या महिन्यात कवळ्याला बैठक आहे, साथीला तेच आहेत. तारीख आता कागदाच्या वहीत लिहिली आहे.